फुटायचीच वस्तू

मराठी घरातल्या शोकेसचा अभ्यास अजून कुणी नीट केलेला नाही. दिवाणखान्याच्या भिंतीत, टीव्हीच्या वरच्या बाजूला, सरकत्या काचांमागे जे ठेवलेलं असतं ते वापरायचं नसतं, एवढा एकच नियम तिथे कसोशीने पाळला जातो. लग्नात आहेर म्हणून आलेला लेमन सेट तिथे असतो. एक जग, सहा पेले, पेल्यांच्या काठाला सोनेरी रेघ. धुताना रेघ जाईल म्हणून सेट बाहेर काढायचा नाही, आणि रेघ अजून जशीच्या तशी आहे हे आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचं. त्या आल्यागेल्याला सरबत अर्थात स्टीलच्या पेल्यातून. माझ्या काकूच्या शोकेसमध्ये निळ्या काचेचा एक मासा होता. तोंड उघडं, शेपूट वर. त्याला आयुष्यात पाण्याचा थेंब लागला नव्हता, कारण पुसायचा म्हटलं तरी तो हातात घ्यावा लागला असता.

अशा घरात मूल बोलायला लागण्याच्या आधी एक वाक्य ऐकतं: हात लावू नको, काच आहे. आणि एवढं करूनही काहीतरी फुटतंच. मग घर जागच्या जागी थिजतं. ‘कुणी हलू नका’, ‘आधी चपला घाला’, ‘बाळाला उचला’ अशा आज्ञा एकाच वेळी चार दिशांनी सुटतात. मोठे तुकडे केरसुणीने, बारीक कण कणकेच्या ओल्या गोळ्याने टिपले जातात. कुणीतरी वडीलधारं ‘जाऊ दे, काचेवर निभावलं’ म्हणतं. फोडणारा तेवढ्यापुरता सुटतो, पण पुढे कित्येक दिवस सोफ्याखालून एखादा कण निघाला की त्याचं नाव पुन्हा निघतं.

काच बनवणाऱ्या माणसांना या सगळ्याचं हसू येईल. त्यांच्याकडे फुटक्या काचेची टोपली ही भट्टीशेजारची कायमची सोय असते. वाळू, सोडा आणि चुना ही काचेची मूळ शिधासामग्री. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. सोडा घातला की ती बरीच खाली येते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना. या मिश्रणात फुटकी काच घातली तर सगळं कमी आचेवर आणि लवकर वितळतं. म्हणजे कालचा बिघडलेला फुलदाणीचा गळा उद्याच्या फुलदाणीच्या कामी येतो. तिथे ‘कुणी फोडलं’ असा प्रश्न विचारत नाहीत. ‘रंगीत होतं की पांढरं’ एवढंच विचारतात, कारण टोपल्या वेगळ्या असतात.

खरी गंमत पुढेच आहे. फुंकून केलेली प्रत्येक वस्तू तयार होतानाच एकदा मोडावी लागते. पोलादी फुंकनळीच्या टोकावर भट्टीतली काच गुंडाळून घेतात. भट्टी ११०० अंशांच्या आसपास असते आणि काच ओघळण्याच्या बेतात. नळी फिरवणं थांबलं की ती जमिनीकडे निघते, म्हणून कारागीर बोलताना, चालताना, मदतनिसाला रागावताना, घाम पुसताना नळी फिरवतच असतो. फुंकर मारायची, आकार द्यायचा, निवत आली की ‘ग्लोरी होल’ नावाच्या दुसऱ्या भट्टीच्या तोंडात धरून पुन्हा तापवायची. एवढं झाल्यावर वस्तूच्या बुडाला एक भरीव सळई चिकटवतात, फुंकनळीकडच्या मानेवर पाण्याचा थेंब टेकवतात आणि नळीला टिचकी मारतात. मान तुटते. त्या तुटलेल्या बाजूलाच तापवून मग पेल्याचा काठ घडवायचा असतो. शेवटी सळईसुद्धा अशीच टिचकी मारून सोडवतात, आणि हाताने केलेल्या जुन्या पेल्याच्या बुडाशी तिचा खडबडीत वण राहतो. शोकेसवाल्यांनी लेमन सेट उलटा करून बघावा. वण नसेल तर बहुधा यंत्रावरचा. वण असेल तर आणखी जपावा असं मी म्हणत नाही. जपण्यात तुम्ही आधीच टोकाला गेलेले आहात.

फुंकनळीची ही युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर कुणाला तरी सुचली. त्याआधी माती-शेणाच्या गाभ्याभोवती काच गुंडाळून लहानशा कुप्या करत, आणि त्या श्रीमंतांना परवडत. फुंकर आली आणि रोमन लोकांच्या घराघरांत काचेचे पेले गेले. गोष्ट स्वस्त झाली की माणसं तिला घाबरायची थांबतात. रोमन साम्राज्यात शोकेस होतं की नाही ठाऊक नाही, पण फुटक्या काचेचा व्यापार मात्र होता.

काच कुलपात ठेवायची खोड आपल्या एकट्याची नाही हे समाधान देणारं उदाहरण व्हेनिसचं आहे. त्यांनी तर काच बनवणारी माणसंच कुलपात ठेवली. १२९१ साली सरकारने हुकूम काढून शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. कारण दिलं आगीचं, आणि ते खोटं नव्हतं. पण सगळे कारागीर चहूबाजूंनी पाणी असलेल्या एका बेटावर आले म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणं सोपं होतं, हेही कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही. परवानगीशिवाय परदेशी जाऊन काच करायला बंदी. गेलात तर शिक्षा. बदल्यात मान भरपूर. सरदार घराण्यातल्या मुलाने काचकारागिराच्या मुलीशी लग्न केलं तरी त्यांच्या मुलाबाळांचं सरदारपण कमी होत नसे. मुलीचं लग्न चांगल्या घरी होणार म्हटल्यावर बाप बेट सोडून कशाला जातो! सरकारला माणसाची नाडी बरोबर सापडली होती.

या बंद बेटावर जे झालं ते मात्र अफाट होतं. पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएर याने ‘क्रिस्तालो’ ही जवळपास रंगहीन, स्वच्छ काच केली. तोवर बहुतेक काच म्हणजे वाळूतल्या लोखंडाने हिरवट झालेली. त्याची मुलगी मारिएत्ता हिचं मला जास्त कौतुक वाटतं. १४८७ साली तिला स्वतःची छोटी भट्टी चालवायची परवानगी थेट व्हेनिसच्या डोजेने, म्हणजे राज्यप्रमुखाने, दिली. ‘रोझेत्ता’ मण्याचं श्रेय तिला देतात. काचेचे पांढरे, लाल, निळे थर एकावर एक चढवून ओढलेली पोकळ कांडी घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे आणि टोकं घासायची. घासता घासता आतल्या थरांतून बारा टोकांचा तारा उमटतो. हे मणी पुढे जहाजांतून आफ्रिकेपर्यंत गेले आणि तिथे चलन म्हणून चालले. बाई व्हेनिसमधल्या, मणी जगभर, आणि परवानगी फक्त छोट्या भट्टीची.

कांडी ओढण्याचा प्रकार बघण्यासारखा असतो. रंगांची रचना करून तापवलेला काचेचा गोळा दोन माणसं दोन सळयांवर धरतात आणि एकमेकांपासून उलट्या पावलांनी लांब जाऊ लागतात. मध्ये काच ताणत जाते, बारीक होत जाते, कित्येक मीटर लांब होते. गंमत म्हणजे आतलं नक्षीकाम मोडत नाही. गोळ्यात हाताएवढं फूल असेल तर कांडीच्या प्रत्येक कापात तेच फूल डाळीएवढं मिळतं. पांढऱ्या धाग्यांच्या कांड्यांची पुढची पायरी म्हणजे ‘रेतिचेल्लो’. एका फुग्यावर धागे डावीकडे पिळायचे, दुसऱ्यावर उजवीकडे, आणि एक फुगा दुसऱ्याच्या आत फुंकायचा. धाग्यांची जाळी होते आणि जाळीच्या प्रत्येक डोळ्यात हवेचा एकेक बुडबुडा अडकून राहतो. बुडबुडे सगळे सारखे आले पाहिजेत. असं भांडं हातात आल्यावर मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, ‘यात पाणी राहतं का?’

राहतं.

गुपित किती दिवस टिकतं? १६६५ च्या सुमारास फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने मुरानोचे काही आरसेवाले फोडून पॅरिसला नेले. त्यांतल्या काहींचे पुढे अचानक मृत्यू झाले आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली. पण तोवर फ्रेंच लोक शिकले होते. व्हर्साय राजवाड्यातल्या आरसेमहालात ३५७ आरसे लागले, आणि ते व्हेनिसचे नव्हते.

आता मुरानोला जायला कुणाला फोडावं लागत नाही. युरोपच्या सहलीत व्हेनिसच्या दिवशी काचेचं प्रात्यक्षिक ठरलेलंच असतं. काका-काकूही जाऊन आले. माणसाने भट्टीतून केशरी गोळा काढला, चिमट्याने इथे ओढलं, तिथे चिमटलं, पाय निघाले, आयाळ निघाली, आणि दोनेक मिनिटांत घोडा मागच्या पायांवर उभा. टाळ्या. काकांनी तिथल्या तिथे तासाला तीस घोडे असा हिशेब मांडला आणि शोरूममधली किंमत बघून त्या माणसाच्या वार्षिक उत्पन्नाचा एक आकडाही काढला. काकू पर्स पोटाशी धरून, कोपर आवळून, श्वास रोखून त्या शोरूममधून अशी चालली की घरच्या शोकेसमध्ये काढलेल्या सगळ्या वर्षांचं सार्थक झालं.

काकांना एक गोष्ट कुणी सांगितली नाही. टाळ्या घेतलेला तो घोडा तसाच टेबलावर ठेवून दिला तर थोड्या वेळाने आपणहून तडकतो. कुणी हातही लावायला नको. बारीक पाय लगेच निवतात, जाड पोट तापलेलं राहतं, बाहेरचा भाग आक्रसून कडक होतो आणि आतला अजून आक्रसायचा असतो. हा आतला ताण काच मनात ठेवते आणि मग एका क्षणी बोलून टाकते. विकायच्या वस्तू म्हणूनच लगेच दुसऱ्या भट्टीत जातात. साध्या काचेला तिथे ५०० अंशांच्या आसपास मुरू देतात, आणि मग काही तास, कधी काही दिवस, तिला अतिशय सावकाश खाली आणतात. घडवायला दोन मिनिटं, निववायला रात्र. काकांचा हिशेब इथे कोसळतो.

ताण आत ठेवून निवलेल्या काचेचा सगळ्यात व्रात्य नमुना सतराव्या शतकात युरोपच्या दरबारांत करमणूक म्हणून फिरत होता. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकायचा. बेडकाच्या पिल्लाच्या आकाराचा, लांब शेपटीचा काचेचा थेंब मिळतो. डोक्यावर हातोडी मारा, काही होत नाही. शेपटीचं टोक चिमटीत मोडा, सगळा थेंब क्षणात भुगा होतो. इंग्लंडमध्ये त्याला प्रिन्स रूपर्टचा थेंब म्हणू लागले. असे लोक आपण सगळ्यांनीच नात्यात बघितलेले आहेत. मोठमोठे अपमान गिळतात आणि पंगतीत दुसऱ्यांदा वाढलं नाही म्हणून वीस वर्षं बोलत नाहीत.

काच जितकी जाड तितका निववायचा वेळ, आणि तो सरळ प्रमाणात वाढत नाही. जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. या हिशेबाचं टोक बघायचं तर अमेरिकेत पालोमार पर्वतावरच्या दुर्बिणीचा आरसा बघावा. व्यास ५ मीटरहून थोडा जास्त. कॉर्निंग या गावातल्या काचकारखान्याने त्याची चकती १९३४ च्या डिसेंबरात ओतली आणि सुमारे दहा महिने ती भट्टीतच निवत ठेवली. दिवसाला जेमतेम एखादा अंश. मध्येच गावात पूर आला, तरी कुणी दार उघडून ‘झालं का’ म्हणून बघितलं नाही. आपल्याकडे कुकरची शिटी पडेपर्यंत धीर धरवत नाही.

ती चकती पायरेक्स जातीच्या काचेची होती, आणि या काचेमागे एक केक आहे. त्याच कंपनीत जेसी लिटलटन नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. रेल्वेच्या बॅटऱ्यांसाठी केलेली, उष्णतेला दाद न देणारी काच त्यांच्या हाताखालून जायची. १९१३ साली त्यांनी तशा एका बरणीचं कापलेलं बूड घरी आणलं आणि त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजला. केक सारखा फुलला, काच तडकली नाही, साहेबांनी केक प्रयोगशाळेत नेऊन सहकाऱ्यांना चाखवला. १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. आहेराच्या बॉक्समध्ये येऊन आपल्या शोकेसात जाऊन बसणाऱ्या त्या काचेच्या बाउलची आजी म्हणजे ही बेसीबाईंची बरणी. भट्टीत घालता यावी म्हणूनच घडवलेली काच आपण जपून ठेवून दिली, हे त्यांना कुणी कळवू नये.

या दांपत्याचा मुलगा हार्वी. बापाला वाटलं पदार्थविज्ञान करील, तो कुंभारकाम करू लागला आणि विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात तेच शिकवू लागला. त्याला काच हवी होती, पण काच तेव्हा कारखान्याची मिरासदारी होती: चित्रकाराने कागदावर काढायचं, कामगारांच्या टोळीने करायचं. एकट्या माणसाने खोलीत छोटी भट्टी लावून काच फुंकणं शक्य नाही, असं सगळे जाणकार सांगत. १९६२ च्या मार्चमध्ये टोलीडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजात लिटलटनने कार्यशाळा घेतली. पहिल्या घाण्याची काच नीट जमलीच नाही. तेव्हा डॉमिनिक लॅबिनो या काचेतल्या मुरलेल्या संशोधकाने सुचवलं की काचतंतू करायला वापरतात त्या गोट्या वितळवा. वितळल्या. मंडळींनी फुंकायला सुरुवात केली, आणि जे झालं ते म्हणजे वाकडे फुगे. माझ्या मते कलेच्या इतिहासातले ते फार गोड वाकडे फुगे आहेत. आज शहराशहरात कुणी एकटा माणूस गॅरेजात काच फुंकताना दिसतो तो त्या गोट्यांच्या जिवावर.

लिटलटनचा विद्यार्थी डेल चिहुली १९६८ मध्ये मुरानोला व्हेनिनीच्या कारखान्यात गेला आणि तिथून एक गोष्ट उचलून आणली. ती रेतिचेल्लोची युक्ती नव्हती, एकत्र काम करणारी टोळी होती. १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला पिलचक इथे त्याने काचेची शाळा काढली. १९७६ मध्ये मोटार अपघातात गाडीच्या काचेतून बाहेर फेकला जाऊन त्याचा डावा डोळा गेला, नंतर खांदाही दुखावला. तेव्हापासून तो रंगांचे फराटे मारून चित्रं काढतो, सांगतो, आणि टोळी फुंकते. त्याच्या वस्तूंत सरळ उभं काहीच नसतं. सगळं लवलेलं, कलंडलेलं, गुरुत्वाकर्षणाला मोकळं सोडलेलं. मुरानोच्या मास्तरांनी आयुष्यभर ज्याच्याशी झगडून काच समतोल ठेवली, त्यालाच याने कामाला लावलं.

आणि १९७९ मध्ये खुद्द मुरानोचा माणूस पिलचकला शिकवायला आला. लीनो ताल्यापिएत्रा, जन्म १९३४. कोवळ्या वयात भट्टीवर लागलेला, विशीच्या तोंडावर उस्ताद झालेला. सात शतकं सांभाळलेल्या युक्त्या त्याने परक्या पोरांना करून दाखवल्या. बेटावरच्या काहींनी त्याला गद्दार ठरवलं. हा माणूस मला फार आवडतो. त्याच्या मागून जे झालं त्याचा हिशेब बघा: अमेरिकन पोरांना हात मिळाला आणि लीनोला मोकळीक. त्याची पुढची दुबळी वाटावी इतकी बारीक मानेची, होडीच्या आकाराची भांडी मुरानोच्या जुन्या वहीत कुठेच नव्हती. बेटावर तर आता स्वस्त परदेशी काचेची धास्ती आहे. कुलूप तेवढं शाबूत राहिलं.

आपल्याकडे काचेचं प्रेम शोभेपेक्षा स्वदेशीच्या वाटेने आलं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा ‘पैसा फंड’ काढला. टिळकांनी पाठीशी बळ दिलं, आणि त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काचेचे जाणकार होते. वाड्यांतल्या हंड्या-झुंबरं विलायतेची, दिव्यांच्या चिमण्या विलायतेच्या, म्हणून ही धडपड. कऱ्हाडजवळ ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाने पुढे घराघरांत काच नेली. त्या कंदिलाची काच रोज पुसायची आणि ती पोरासोरांनीच पुसायची, कारण लहान हातच आत जातो. घरात एवढी नाजूक वस्तू मुलाच्या हातात विश्वासाने देण्याची ती शेवटची वेळ असावी.

आणि शोभेच्या काचेची एक वस्तू आपण कधीच शोकेसमध्ये ठेवली नाही: बांगडी. हिरव्या चुड्याची काच मराठी बाई भांडी घासते, पीठ मळते, विहिरीवर दोर ओढते तेव्हा हातातच असते. तिच्यातली बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादची. वितळलेल्या काचेचा लांब धागा फिरत्या लाटण्यावर गुंडाळून त्याचं वेटोळं करायचं, ते कापलं की उघड्या टोकांची कडी सुटतात. ती टोकं जोडण्याचं काम घरोघरी छोट्या ज्योतीवर होतं, बायका-पोरं धूर खात ते करतात. एका बांगडीवरून किती हात गेलेत ते तिच्या भावावरून कळत नाही. मग ती कासाराकडे येते. कासाराचा हात हीही एक काचकारागिरीच म्हणायची. अंगठ्याच्या बुडाशी दाबून, हाताचं हाड जणू लोण्याचं करून, दोन आकारांनी लहान बांगडी तो चढवतो, आणि चढवताना फुटली तर नुकसान त्याचं. फुटली की सगळे हसतात, कासारही हसतो, पुढची घेतो. शोकेसच्या घरातल्या त्याच बायका इथे इतक्या निर्धास्त!

हल्ली पुण्या-मुंबईत काच ‘फ्यूज’ करायच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळा भरतात. इथे फुंकणं नाही. रंगीत काचेचे पातळ तक्ते छोट्या चाकाने रेघ मारून मोडायचे, एकावर एक मांडायचे आणि विजेच्या भट्टीत ८०० अंशांच्या आसपास एकजीव करायचे. मग साच्यावर ठेवून थोड्या कमी आचेवर वाकवले की ताटली. नेमाने येणाऱ्यांत नुकतेच निवृत्त झालेले बँकेतले गृहस्थ, दोन शाळासोबती, एक संगणकवाली मुलगी. मोडण्याचं भय पहिल्या तासातच जातं, कारण रेघ मारून मोडणं हाच पहिला धडा. गृहस्थांनी तर एवढ्या आवाजात कडकन मोडलं की चाळीस वर्षांच्या नोकरीतलं काहीतरी त्यात मोकळं झालं असावं.

नव्या कौशल्याचा जाच मात्र इथेच आहे. काचांच्या तक्त्यांवर ९० किंवा ९६ असा आकडा असतो. तापल्यावर ती काच किती फुगते त्याचं ते माप. दोन जाती एकत्र वितळल्या तर भट्टीत छान एकजीव दिसतात, पण निवताना एक जास्त आक्रसते, दुसरी कमी. तडा कधी लगेच जातो, कधी काही महिन्यांनी, कपाटात बसल्या बसल्या. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींनाही एवढी कडक अट पाळवत नाही. तिथे छत्तीसांतले अठरा जुळले तरी मुहूर्त काढतात, इथे नव्वदला सहाचा फरक आला तर लग्न मोडलंच. आत ताण आहे का ते बघायला ध्रुवीकरणाच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये काच धरतात. ताण असेल तर उजेडाचा प्रभामंडळ दिसतो. ही सोय माणसांसाठी निघाली तर लग्न जमवणाऱ्या संस्थांचे फार हाल होतील.

रंगांचा आणखी एक खट्याळपणा. गुलाबी-लाल काचेत आजही सोनं असतं, म्हणून तिचा तक्ता महाग. पण भट्टीत जाण्याआधी तिच्यातले काही तक्ते फिकट, जवळजवळ रंगहीन दिसतात. रंग तापल्यावरच उमटतो. चौथ्या शतकातल्या रोमन लायकर्गस प्याल्यात सोन्या-चांदीचे इतके सूक्ष्म कण आहेत की बाहेरून उजेड पडला तर प्याला हिरवा आणि आतून उजेड आला तर लाल. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, अर्थात शोकेसमध्ये. नवीन बाजूला हौस बरीच आहे. पाण्याच्या धारेने काच कापतात, वाळू फवारून नक्षी काढतात, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या मंडळींनी वितळलेल्या काचेची धार नळीतून सोडून थर थर रचत भांडीही ‘छापली’. यंत्राला घाम येत नाही. पण त्या भांड्यांनाही सावकाश निवावं लागलंच.

कार्यशाळेतल्या भट्टीवर तापमान दाखवणारे आकडे लाल अक्षरांत असतात. ते ५००, मग ४९९, मग बराच वेळ ४९९. शाळासोबतींनी चहा घेतला, दुसरा चहा घेतला, एकीने ‘फट ठेवून बघू या ना जरा’ म्हटलं आणि शिकवणाऱ्या ताईंनी ‘उद्या अकरा वाजता’ एवढंच सांगितलं. गृहस्थ म्हणाले, बँकेत आम्ही लोकांना हेच सांगायचो.

फुंकणाऱ्यांच्या हत्यारांत एक वस्तू मात्र विजेशिवाय आणि परंपरेशिवाय आली आहे: वर्तमानपत्र. जाड घडी घालायची, पाण्यात भिजवायची, तळहातावर ठेवायची आणि त्यावर हजार अंशांच्या आसपासचा फुगा फिरवून आकार द्यायचा. मध्ये वाफेची पातळ गादी तयार होते, हात भाजत नाही, कागद हळूहळू कोळसा होत जातो. चिहुलीच्या टोळीपासून गॅरेजातल्या एकट्यापर्यंत सगळे ही घडी वापरतात. आधुनिक काचकलेत पत्रकारितेचं हे योगदान मला मोठं वाटलं आणि लिहिणाऱ्याच्या मनात जे येतं तेच आलं. मी ताईंना विचारलं, ‘रविवारची पुरवणी चालेल का? ललित लेख असतात तिच्यात.’ त्या म्हणाल्या, ‘नाही हो. रंगीत शाई आणि गुळगुळीत कागद फुंकणारे टाळतात. तुम्ही रोजच्या अंकात, जाहिराती नसलेल्या पानावर काही लिहीत असाल तर चालेल.’